मास्तरांना पोहता येत नव्हतं

पाटणकर मास्तर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण ते गेल्यापासून आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत त्यांना शूरवीर करण्याचा उद्योग जोरात चाललाय. शोकसभेत एक गृहस्थ त्यांना चक्क 'निर्भय' म्हणाले. मी उठून 'साफ खोटं' म्हणणार होते, पण समोर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या, म्हणून दात आवळून गप्प राहिले. निर्भय! अहो, हा माणूस वळणावर खोकायचा. आमच्या गल्लीत दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतात, आणि नेमका तिथेच एखादा सांड निवांत उभा असतो. मास्तर प्रत्येक वळणाआधी थांबून मोठ्यांदा खोकत, म्हणजे पलीकडे सांड असेल तर त्याने शहाण्यासारखं बाजूला व्हावं. बनारसचा सांड कुणाच्या खोकल्याने हललाय? मग मास्तर छत्री छातीशी धरून मागे फिरत आणि अख्ख्या मोहल्ल्याला वळसा घालून कॉलेजात पोचत.

कुत्री, विजेच्या लोंबत्या तारा, स्कूटरची मागची सीट, वरच्या पट्टीत बोलणारा कुठलाही कारकून. सगळ्यांत मोठी भीती पाण्याची. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर खेळून मोठा झालेला माणूस, आणि गंगा कधी गुडघ्याच्या वर लागली नाही. नावेत एकदाही बसले नाहीत. पलीकडे रामनगरला जायचं झालं तर लांबून, पुलावरून, बसने. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खोल आहे गं." बस. जणू बाकीच्या बनारसला ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती.

थोरले भाऊ गजाननबुवा अगदी उलटे. अहिल्याबाई घाटावर यजमानांची धर्मकृत्यं करायचे, आणि तरुणपणी रोज सकाळी गंगा पोहून पलीकडच्या वाळूत जाऊन यायचे. धाकट्याला भर गल्लीत हाक मारत, "मुकुंदा, पाऊस नाही रे, छत्री मीट!" घराण्याची वैदिकी थोरल्याने उचलली. धाकट्याने मुंज झाल्यावर थोड्याच दिवसांत संध्या सोडली आणि पुढे जीवशास्त्र धरलं. दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे चिडवणं, आणि दोघांचं जेवण एका पंगतीत.

माझे वडील रेल्वेत, अकोल्याकडून बदलून आलेले. आम्ही पाटणकरांच्या समोर वरच्या मजल्यावर राहायचो. इंटरला असताना मी मास्तरांकडे जीवशास्त्र शिकायला जायची. खोलीभर काचेच्या बरण्या, त्यांत औषधात बुडवलेले मासे. मास्तर बाहेरून, काचेला पेन्सिल टेकवून, कल्ला दाखवत, पर दाखवत. जिवंत माशाला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. सोवळ्याचा प्रश्नच नव्हता, सोवळं तर त्यांनी कधीच खुंटीला टांगलेलं. मासा वळवळतो, म्हणून.

"भीती हे इंद्रिय आहे," ते आम्हाला सांगत. "डोळा, कान, तशी भीती. ज्या माशाला ती नव्हती तो आज सकाळीच बाजारात गेला."

मला हे वाक्य ऐकून संताप यायचा. मी तेव्हा नुकती पर्चे वाटणाऱ्यांच्या टोळीत शिरले होते. चौकात उभं राहायचं, लोकांच्या हातात कागद कोंबायचा, पोलीस आला तर त्याच्याही हातात कोंबायचा. भिणाऱ्यांमुळेच या देशाचं वाटोळं झालंय, असं माझं मत होतं आणि ते मी मास्तरांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "असेल बुवा. पण तू जरा हळू बोल, खाली कोणीतरी उभं आहे."

अशा माणसाचा सगळा जीव अडकला होता तो एका नदीत. वरुणेत. जिच्यावरून या शहराला 'वाराणसी' हे निम्मं नाव मिळालं, तीच वरुणा. आता शहराचे नाले पोटात घेऊन, गाळाने दम लागलेली, आदिकेशव घाटाशी येऊन गंगेला मिळते. त्या संगमाच्या थोडं वर एक वाकण आहे. तिथे एका जुन्या लाकडी पुलाचे काळे खांब पाण्यात अर्धे बुडून उभे होते. पूल कधीचाच गेलेला, खांब तेवढे राहिलेले. मास्तर दर रविवारी तिथे जात आणि उंच काठावर, कडेपासून चांगलं लांब, एका निंबाच्या बुंध्याला पाठ घट्ट लावून बसत. जणू झाड सुटलं तर नदी ओढून नेईल.

एकदा मला घेऊन गेले. "बघ हं. आवाज करू नकोस." आम्ही बराच वेळ बसलो. मग खांबांमधलं पाणी फुगलं आणि एक रुंद, चपटी, चांदीची पाठ वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली गेली. शेपटीकडे काळ्या ठिपक्यांची ओळ. मास्तर दचकून झाडाला आणखी चिकटले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आवरेना. तो चितल. महाराष्ट्रातल्या वाचकांना हरीण आठवेल, पण गंगेच्या मुलखात या नावाचा मासा असतो, हातभर लांब, पाठीला कुबड.

"मादी बुडालेल्या लाकडाला अंडी चिकटवते आणि निघून जाते," मास्तर कुजबुजले. "राखतो तो नर. शेपटीने वारा घालतो, गाळ बसू देत नाही. जवळ कोणी आलं तर चावतो. पंधरवडाभर खातसुद्धा नाही नीट. आणि लाकूड कुठे उरलंय या नदीत? हे एवढेच खांब."

"मग आपण पर्चा काढू," मी म्हणाले.

"आत्ताच कशाला," मास्तर घाबरून म्हणाले. "अजून काही झालेलं नाही ना."

झालं ते पुढच्याच उन्हाळ्यात. वरुणेचा प्रवाह पुन्हा मोकळा करायची सरकारी योजना निघाली. गाळ काढायचा, पात्र रुंद करायचं, पात्रातला अडथळा उपटून टाकायचा. ठेका दिला गेला, पोकलेन आलं, आणि पावसाआधी संगमापर्यंत काम पुरं करायचा हुकूम सुटला. अडथळ्यात आमचे खांब आले. आणि वेळ कोणती? ऐन जेठ, आपला ज्येष्ठ महिना, म्हणजे चितलाची अंडी घालायची.

मी त्याच दिवशी पर्चा लिहिला. मथळा 'नदीचे खुनी'. मास्तरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, "नदी साफ व्हायलाच हवी, वंदू. खालच्या वस्तीत दरवर्षी पाणी घुसतं. छेदीचं घर जातं." छेदी निषाद हा त्या वाकणावरचा मल्लाह, नाव चालवायचा, जाळं टाकायचा. "आपण काम थांबवा म्हणायचं नाही. हे एक वाकण शेवटी घ्या, पिल्लं निघून गेली की घ्या, आणि खांब राहू द्या, एवढंच म्हणायचं. तू शिव्या काढ आणि कोणत्या महिन्यापर्यंत थांबायचं ते घाल."

मी शिव्या काढल्या नाहीत. दोन कमी केल्या.

ठेका देणाऱ्या खात्याच्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. मास्तरांचा आवाज साहेबाच्या टेबलापर्यंत पोचत नव्हता, इतका हळू. साहेब हसून म्हणाला, "मास्साब, मछली तो बहकर कहीं और चली जाएगी।"

"मासे जातील, साहेब," मास्तर मराठीतच बोलून गेले, घाबरले की त्यांची हिंदी पळायची. मग सावरून म्हणाले, "अंडे कहाँ जाएँगे?"

साहेब पंख्याकडे बघत राहिला. मी टेबलावर हात आपटला, शिपायाने आम्हाला बाहेर काढलं. बाहेर व्हरांड्यात एक माणूस पान लावत उभा होता. गोरा, गुबगुबीत, कडक इस्त्रीचा कुर्ता. तो ठेकेदाराचा माणूस लल्लन. ठेकेदार आम्हाला कधी दिसला नाही, लल्लन दिसायचा. त्याने वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. "मास्साब, प्रणाम। हमरे भतीजे को आपने पढ़ाया है।" मग तसाच हसत, अगदी आपुलकीने, "एक बात पूछें? आपको तैरना आता है?"

मास्तरांच्या हातातून छत्री पडली.

"नहीं, ऐसे ही पूछे," लल्लन छत्री उचलून देत म्हणाला. "वरुणा का किनारा कच्चा है। आदमी फिसल जाता है।"

त्या दिवसापासून गल्लीत मोटरसायकलची फटफट ऐकू यायला लागली. लल्लनची राजदूत. कुणाला काही बोलायचा नाही. पाटणकरांच्या दारासमोर यायचा, इंजिन चालू ठेवून पान थुंकायचा, वळून जायचा. दुपारी, उन्हाच्या झळा मारत असताना, गल्ली निर्मनुष्य असताना तो आवाज लांबून वाढत यायचा, आणि समोरच्या घरातल्या खिडक्या एकेक करून बंद होताना मला दिसायच्या. काकूंनी तांदूळ निवडायला ओसरीवर बसणं सोडलं. मास्तर शाळेतल्या पोरासारखे दोन गल्ल्यांच्या अंतरातही कुणाची तरी सोबत शोधायला लागले. मी पोलिसांत चला म्हणाले. मास्तर म्हणाले, "काय सांगणार? त्याने मला पोहता येतं का विचारलं, हे?"

मी त्यांना चिडून विचारलं, "मास्तर, तुम्ही एवढे घाबरता तर यात पडलातच कशाला?"

"तोच तर घोळ आहे गं," ते अगदी मनापासून म्हणाले. "तो नर पळून जाऊ शकतो ना? भीती त्यालाही आहेच. पण जात नाही. मी तीस वर्षं पोरांना हे शिकवतोय. आता मीच घरी बसलो तर..." पुढचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण खाली फटफट वाजली.

मग एका सकाळी काकूंची किंकाळी ऐकू आली. मी धावत खाली गेले. पाटणकरांच्या दाराच्या कडीला दोरीने एक चितल टांगलेला होता. ताजा. डोकं उडवलेलं. उंबऱ्यावरच्या रांगोळीत रक्त ठिबकत होतं. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, त्या घराच्या दाराला! गल्लीतली माणसं जमली आणि लांब उभी राहिली. कुणी पुढे होईना. मला वाटलं मास्तर आता कोसळणार. ते भिंतीला धरून उभे होते, ओठ पांढरे पडलेले. मी दोरी सोडवायला हात घातला.

"थांब," ते म्हणाले.

ते पुढे आले. त्यांनी एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि एक बोट माशाच्या पोटावर टेकवलं. दाबलं. आयुष्यातला पहिला मासा, बरणीबाहेरचा. पोट मऊ, सैल, रिकामी पिशवी असावी तसं आत गेलं.

"मादी आहे," मास्तर म्हणाले. "अंडी घालून झालीत हिची. वंदू, अंडी खांबांवर आहेत. आत्ता आहेत."

धमकी द्यायला आलेल्यांनी आम्हाला निरोप आणून दिला होता. आणि मशीन वाकणाच्या अलीकडेपर्यंत येऊन पोचलं होतं.

मी धरणं धरायचं ठरवलं. कोणाला घेऊन धरणार? सुट्ट्या लागलेल्या, आमची टोळी आपापल्या गावी आंबे खात होती. दुपारी पाटणकरांकडे गेले तर मास्तर गजाननबुवांसमोर बसलेले. बुवा कपाळावर आठ्या घालून ऐकत होते.

"मला संकल्प सांग, दादा," मास्तर म्हणत होते. "रोज उगवतीपासून मावळतीपर्यंत पाण्यात उभं राहून जपाचं अनुष्ठान. वरुणेत. त्या खांबांपाशी."

"तू? पाण्यात?" बुवा हसलेच. मग हसायचे थांबले. "मुकुंदा, हे पोरखेळ नाहीत. एकदा हातातून उदक सोडलंस की बोललेलं पुरं होईपर्यंत सुटका नाही. मधेच उठलास तर घराण्याला लागतं ते."

"म्हणूनच म्हणतो. तो लल्लन कायद्याला भीत नाही. मला तर नाहीच भीत. पण संकल्प करून पाण्यात उभ्या राहिलेल्या बामणाच्या अंगावर या काशीत मशीन कोण घालील?"

मी भडकले. "म्हणजे जात वापरायची? आम्ही एवढे पर्चे काढले ते यासाठी?"

मास्तरांनी मान खाली घातली. "हो. वापरायची. घाणेरडंच आहे ते. दुसरं काय आहे आपल्याकडे? सांग, मी ते करतो."

माझ्याकडे काही नव्हतं. अजूनही नाही. हे मला अजून झोंबतं. छेदीने तर दुसऱ्या दिवशी हसत हसत तोंडावर सांगितलं, "हम खड़े होते न बिटिया, तो मशीन रुकती थोड़े।" खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना आम्ही वाकणावर. काकूंनी सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं पीळ देऊन दोरासारखं केलं होतं. एक टोक मास्तरांच्या कमरेला, दुसरं निंबाला. "बुडालात तर ओढता येईल," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या आणि गाठ स्वतः बांधली. बुवा काठावरून संकल्प सांगत होते, मास्तर ओंजळीत पाणी घेऊन मागून म्हणत होते. शेवटी, किती काळ, ते सांगायची वेळ आली. बुवा मराठीत म्हणाले, "मशीन परत जाईपर्यंत म्हण."

आणि इथे या माणसातला मास्तर जागा झाला. तीस वर्षं पोरांच्या उत्तरातली ढिलाई तपासलेला माणूस. "छे, ते चुकीचं आहे. मशीन जाईल आणि उद्या परत येईल," ते म्हणाले, आणि पाणी सोडता सोडता स्वतःच्या मोडक्या संस्कृतात बोलून मोकळे झाले: या खांबांवरची पिल्लं खांब सोडून जाईपर्यंत.

"अरे!" बुवा ओरडले. पण पाणी पडलं होतं.

मग मास्तर नदीत उतरले. एकेक पाऊल असं की जणू खाली पायरी असेलच याची खात्री नाही. वरुणेचं पाणी काळपट, कोमट, नाल्याच्या वासाचं. कमरेपर्यंत आलं तेव्हा त्यांनी एका खांबाला मिठी मारली, आणि लगेच दचकून सोडली, कारण खांबाला अंडी होती. पलीकडून मशीन आलं. ऑपरेटरने पाहिलं, इंजिन बंद केलं, सीटवरूनच हात जोडले. इतकं सोपं! मी थक्क झाले आणि मला त्याच वेळी किळसही आली.

तेवढ्यात मास्तर किंचाळले. जप मधेच तुटला. "चावला! पोटरीला चावला!"

"नर है वो," काठावरून छेदी म्हणाला. "आपको दुश्मन समझ रहा है।"

"त्याला सांगा रे कोणीतरी," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले, आणि पुन्हा जप सुरू केला.

रोज तेच. सूर्य उगवायला मास्तर पाण्यात, मावळला की काकू त्यांना ओढून काढत, पाय निंबाच्या पाल्याच्या पाण्याने धूत. पायांना फोड आले, कातडी सुरकुतून पांढरी पडली. तो नर दिवसातून एकदा तरी चावायचा आणि मास्तर दर वेळी तितक्याच जोरात ओरडायचे. लल्लन समोरच्या काठावर मोटरसायकलला टेकून काकडी खात बसायचा. धमकी नाही, शिवी नाही. मावळतीला ओरडून विचारायचा, "मास्साब, कल भी आइएगा?" मास्तर मान हलवायचे. रात्रीतून कुणी खांब उपटू नये म्हणून छेदी आपली नाव त्यांना बांधून नावेतच झोपायचा. बामण आणि मल्लाह, दोघांनी वाटून घेतलेला पहारा.

आणि मग पूर्वेकडून ढग आले. इथे पाऊस पडला नाही. पडला कुठेतरी वर, लांब, आणि गंगा फुगली. ती फुगली की वरुणेचं पाणी पुढे जात नाही, उलट मागे सरकतं. प्रवाह थांबतो आणि पातळी गुपचूप चढते. आवाज होत नाही, लाट येत नाही. मास्तरांच्या कमरेशी असलेलं पाणी दुपारपर्यंत छातीशी आलं, एवढंच. जानवं तरंगायला लागलं.

"मास्तर, बाहेर या," मी म्हणाले.

ते जप करत राहिले. डोळे मात्र माझ्यावर. तसे डोळे मी कुणाचे पाहिलेले नाहीत. त्यांना यायचं होतं. अंगातलं हाडन् हाड बाहेर यायला बघत होतं.

आता समोरच्या काठावर लल्लन उभा राहिला. काकडी टाकली. "मास्साब, निकल आइए।" मास्तर हलले नाहीत. पाणी काखेशी आलं. लल्लन आमच्या काठावरच्या गजाननबुवांकडे वळला, आवाज चिरकला. "अरे पंडितजी, समझाइए इनको! बामन डूब गया तो पाप किसके सिर जाएगा? हमरे घर में बच्चे हैं!" तो हसरा, गुबगुबीत माणूस घामाने भिजला होता. मला त्याची भीती बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याच्या भीतीने माझी दुप्पट झाली.

"मशीन ले जाओ," मी ओरडले. "सड़क के पार!"

त्याने ऑपरेटरला शिवी देऊन मशीन हलवलं. ते धडधडत काठ चढून सडकेपलीकडे, झाडांमागे दिसेनासं झालं. आम्ही जिंकलो होतो. मी टाळी वाजवली असेल बहुधा. आणि मास्तर तिथेच.

"या ना आता!"

"नाही येता येत," मास्तर म्हणाले. दात वाजत होते. "मशीनचं बोललोच नाही मी. पिल्लांचं बोललोय. पिल्लं अजून आहेत. मला पायाला लागतायत."

काकू लुगड्याचं टोक दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. संध्या न करणारा, देवळात न जाणारा माणूस! युक्ती म्हणून बोललेले शब्द, आणि आता ते मोडायची त्याला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी त्यांना अंधश्रद्ध म्हणाले. मूर्ख म्हणाले. पाणी गळ्याशी आलं. ते टाचा उंचावून उभे होते हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

गजाननबुवांनी धोतर खोचलं आणि पाण्यात उडी घेतली. म्हातारा पोहत खांबाशी गेला, धाकट्याच्या बखोटीला धरलं. "गाढवा, आणीबाणीत भावाला प्रतिनिधी करता येतं, हे तुला ठाऊक नाही, कारण तू काही शिकलाच नाहीस. दे इकडे. ओंजळीत दे." मास्तरांनी वरुणेचं काळं पाणी भावाच्या ओंजळीत ओतलं. "झालं. आता हे व्रत माझं. निघ."

आम्ही लुगडं ओढलं. मास्तर काठाच्या चिखलात येऊन पडले आणि लहान मुलासारखे रडले. बुवा खांबाशी पोहत जप करत राहिले, मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी खांब दिसेनासे झाले. तेव्हा बुवांनी आपल्या अधिकारात निर्णय दिला की नदी वर चढून आली आहे तर नदीला पाय लागले म्हणजे पुरे, आणि आदिकेशवाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून त्यांनी राहिलेले दिवस पुरे केले. मास्तर शेजारी बसत. एक पायरी वर.

पिल्लं वाचली की नाही, पुराच्या पाण्यात कुणी पाहिलं? छेदी म्हणतो वाचली. आणि पाऊस सरल्यावर, थंडीत, मशीन पुन्हा आलं आणि सगळे खांब उपटून काठावर टाकले. नियमाप्रमाणे. अंडी नव्हती, अडवायला कारण नव्हतं. कुणीतरी ते लाकूड जाळायला नेलं. मी तो दिवस विसरणार नाही आणि त्या खात्याला माफही करणार नाही.

नंतर मी शिकायला नागपूरला गेले. मास्तर गेले त्याची तार मला तिथेच मिळाली. छातीत कफ झाला, म्हणे. त्याच्या आधीचा उन्हाळा तेवढा त्यांच्याबरोबर मिळाला. सुट्टीत आले तर गल्लीतून खोकला ऐकू आला. मास्तर वळणावर उभे. "चल," म्हणाले, "एक बघायचंय. मला एकट्याला भीती वाटते."

वाकणावर पात्र रुंद झालेलं, कडा सरळ कापलेल्या. पण निंबाखाली, जुन्या जागी, छेदीने मास्तरांच्या सांगण्यावरून जांभळीचे ओंडके ठोकले होते. लाकूड नवं, त्यावर शेवाळही पुरतं धरलेलं नाही. पाणी इतकं गढूळ की हातभर खालचं दिसेना. चितल आला की नाही हे कळायला एकच मार्ग होता.

"मैं देख लेता हूँ, मास्साब," छेदी म्हणाला.

"नको. तू जाळंवाला, तुला बघून पळेल. माझ्यावर राग आहे त्याचा."

काकूंनी पिशवीतून तेच लुगडं काढलं. एक टोक कमरेला, एक निंबाला. मास्तरांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली, चष्मा दिला, आणि पाण्यात उतरले. गुडघे. मांड्या. कंबर. ओंडक्यापाशी पोचून ते डोळे गच्च मिटून उभे राहिले. आम्ही काठावर. नदी सरळ, रुंद, ओळखू न येणारी. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरायला लागला.

मग ते किंचाळले. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"चावला! वंदू, चावला गं! चावला!"

काकूंनी घाबरून लुगडं ओढलं, मीही धरलं, छेदीनेही. आम्ही तिघं जीव खाऊन ओढत होतो, आणि तो भित्रा माणूस काही केल्या बाहेर यायला तयार नव्हता.